एक पैसा कमी

प्रिय धाकोबा,

चौकातला मोठा पेट्रोलपंप आज बंद झाला! सकाळीच त्यांचा तो चकचकीत बोर्ड उतरवून ट्रकवर चढवला. मी आपल्या पंपाच्या दारात उभी राहून अगदी डोळे भरून बघितलं. तू प्लास्टरमधला पाय टांगून हॉस्पिटलात पडलायस, म्हणून ही बातमी मलाच द्यावी लागतेय. नऊ वर्षांनी तुला चार ओळी लिहितेय, हात नीट वळतही नाहीये.

बाबांनी पंपाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या, तेव्हा तू जो तरातरा निघालास तो रस्ता ओलांडून थेट समोर थांबलास आणि दुसरा पंप काढलास. त्यानंतर आपण बोललो ते फक्त पेट्रोलच्या भावाच्या बोर्डावरून. सकाळी मी शिडीवर चढून आकड्यांच्या पाट्या अडकवायच्या, आणि मी खाली उतरले की तू चढून माझ्याहून बरोब्बर एक पैसा कमी लावायचास. मग मी परत वर. टॅक्सीवाले इंजिन बंद करून मजा बघत उभे असत. इतका संताप यायचा तुझा! एका पैशाने तुला असं काय मिळत होतं रे? मला खिजवण्याचं सुख, दुसरं काय!

मग चौकात ते मोठ्या कंपनीवाले आले. त्यांचा मॅनेजर माझ्याकडे येऊन गोड गोड बोलून गेला, की पंप विकून टाका, आमच्या भावापुढे दोन महिनेही टिकणार नाही. त्यांनी भाव पाडला. मीही पाडला. तू, अर्थातच, आणखी एक पैसा खाली. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की भांडणापायी आपण दोघांनी नऊ वर्षं जेमतेम नफ्यावरच काढली होती! तुझ्या धास्तीने मी जादा माणसं ठेवली नाहीत, नोझल स्वतः हातात धरलं, बिघडलेलं मशीन उघडायला शिकले. तूही तेच केलंस. ज्या भावात त्यांचा जीव गुदमरला, त्या भावात आपला रोजचा संसार चालला होता. पाच महिन्यांत त्यांचंच कंबरडं मोडलं. जिंकलो रे आपण! तू छळलं नसतंस, तर मी पहिल्याच महिन्यात गाशा गुंडाळला असता.

आता खरं सांगते. तू शिडीवरून पडलास त्याला बारा दिवस झाले. ‘बोर्ड मीच लावते,’ असं तुझ्या बायकोने तुला सांगितलं असेल. साफ थाप. तिला दुसऱ्या पायरीवरच गरगरतं. रोज सकाळी मी आधी माझा भाव लावते, मग शिडी खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडते आणि तुझ्या बोर्डावर माझ्याहून एक पैसा कमी लावते. टॅक्सीवाले टाळ्या वाजवतात. पण स्वतःलाच हरवण्यात काही मजा नाही. लवकर बरा होऊन ये, मग बघतेच तुझ्याकडे.

तुझीच,
समोरची ताई