खांबावरचं बटण

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

पत्राला महिनाभर उशीर झाला, रागावू नकोस. मी बरा आहे. मुलाच्या या चाकांवरच्या घरात झोपही चांगली लागते.

काल मात्र जीव टांगणीला लागला होता. गाडी तळावर उभी केली की केबल जोडून खांबावरून वीज घेतात. आम्ही फिरून आलो तर दिवे बॅटरीवर चालू, पण फ्रीज बंद! माझं महिन्याभराचं इन्सुलिन त्यातच. मुलानं केबल काढून पुन्हा लावली, गाडीतले फ्यूज तपासले, तरी काही नाही. शेवटी तळावरच्या वायरमननं खांबाचं झाकण उघडलं.

"अहो, हे बटण कुणी बंद केलं?"

मीच. घराबाहेर पडताना बटणं बंद, ही तुझी शिस्त साठ वर्षं अंगात मुरली आहे. सूनबाई हसून म्हणाली, "बाबा, आत्याबाईंचा धाक इथवर पोचला की!"

इन्सुलिन गारच होतं. तीनदा बाटली गालाला लावून पाहिली, तेव्हा कुठे घास उतरला.

पण ताई, तुझंही इन्सुलिन फ्रीजमध्येच असतं. देवळात जाताना तू फ्रीजचं बटण तर बंद करत नाहीस ना? एवढं लगेच कळव.

तुझा,
धाकटा