फरशीखालची हवा

अण्णा, तुमच्या गाण्यांच्या रेकॉर्ड मी परत घेऊन जाव्यात, असा गंगापूर रोडच्या वाचनालयातून फोन आला, म्हणून हे लिहितेय. एरवी तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर पत्र लिहिणाऱ्यातली मी नव्हे. कुणालाही बसून ऐकता याव्यात म्हणून मी त्या प्लेअरसकट तिथे ठेवल्या होत्या. पण भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये आता झुंबाचा क्लास चालतो. बायका एकदम उडी मारतात आणि इकडे रेकॉर्डवरची सुईही उडी मारते. सचिव म्हणाले, “ताई, लोक मोबाइलवर ऐकतात हल्ली. आणि तुमची सुई झुंबा करते.” म्हटलं, “बायकांना नाचू द्या. सुई नाचणार नाही. मी येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही.” परत आणून ठेवणार कुठे? माझ्या दोन खोल्यांत जागा नाही. शेवटी भंगारातच गेल्या असत्या.

पंचवटीत आपली पिठाची गिरणी खाली आणि आपण वर. पट्टा फिरू लागला की फळीवरची भांडी वाजायची, आणि तुम्हाला नेमकं तेव्हाच गाणं ऐकायचं असायचं. स्कूटरची ट्यूब आडवी ठेवलेली, तिच्यावर शहाबादी फरशी, फरशीवर प्लेअर, म्हणजे गिरणीचा हादरा सुईपर्यंत पोचायचा नाही. आई म्हणायची, “घरातली माणसं चटईवर आणि हा बघा गादीवर!” मी कॉलेजातून पदार्थविज्ञान शिकून आलेली, हातात पंप. तुम्ही अंगठ्याने ट्यूब दाबून बघताय. “गच्च नको भरू गं. अंगठा रुतला पाहिजे. टणक झाली की फरशी काय नि जमीन काय, एकच.”

तरी काल तशीच ट्यूब, फरशी आणि पंप घेऊन वाचनालयात गेले, तर तिथल्या टेबलावर मी ती गच्चच भरली. ढिलं काही ठेवायचं माझ्या हाताला जमत नाही. पलीकडे धडधड सुरू झाली आणि सुई पहिल्याच ओळीवर घसरली. सचिव हाताची घडी घालून उभे. “झालं, ताई?” “नाही झालं. बसा तुम्ही.” हवा सोडली, अंगठा रुतेपर्यंत. फरशी प्लेअरच्या मोटरच्या बाजूला कलली, तेव्हा वर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत प्लेअर बोट बोट सरकवत बसले. स्पीकर त्याच टेबलावर मांडले होते, शोभेला. ते उचलून वेगळ्या स्टुलांवर ठेवले. त्यांची थरथर पुन्हा सुईपर्यंत पोचायला नको. मग रेकॉर्ड लावली. पलीकडच्या उड्यांनी खिडकीची काच वाजत होती. फरशी जराशी डोलली. सुई ढळली नाही. अख्खी बाजू वाजली, आणि सचिव उठायचं सोडून म्हणाले, “दुसरी बाजू लावा की.”

प्लेअर, फरशी, ट्यूब, पाणसळ, दोन्ही स्पीकर आणि सगळ्या रेकॉर्ड त्यांच्या ताब्यात दिल्या. रेकॉर्ड ऐकायची ही खोली चालू राहील असं कागदावर लिहून घेतलं, खाली त्यांची सही घेतली. पंप दिला नाही. ट्यूबची हवा उतरते, दर आठवड्याला बघावी लागेल, ते तुम्हाला जमायचं नाही, मीच येत जाईन, असं सचिवांना बजावून आले. हे पत्र टपालात पडणार नाही म्हणून लिहिते: त्यांना जमलं असतं. मला तिथे जायला निमित्त हवं होतं.