श्रद्धांजलीचं फोल्डर

३ नोव्हेंबर, ताडकळस

स्टँडवर उतरलो आणि माझंच थोबाड समोर! वैजीनाथभाऊंनी आठ बाय चारचा फ्लेक्स लावलाय, 'संगणकतज्ज्ञ सिद्धोधन सरांचे हार्दिक स्वागत'. बाजारात स्टूल मांडून मोबाईलच्या काचा बसवणारा मी, आज 'सर' झालो. पाठवायला लग्नाचाच फोटो होता. भाऊंच्या दुकानात डिझाइन करणाऱ्या राजेश्रीताईंनी बबिताला कापून मला एकटं ठेवलं. पेडगावहून बायको फोनवर म्हणाली, मला कापलं व्हय, या घरी, मग सांगते.

काम सोपं. फ्लेक्सच्या दुकानात तीन कॉम्प्युटर, एक सर्व्हर. सर्व्हर सारखा भरायलाय, का ते शोधायचं. सकाळी आणि दुकान बंद करताना किती वाढला ते लिहून ठेवायचं.

५ नोव्हेंबर

इथली एक रीत कळली. वाढदिवसाचा फोटो कधीच पुसायचा नाही. माणूस गेला की घरचे रडत येतात, हातात आधारकार्ड. भाऊ म्हणतात, त्यात तर साधू बी चोर दिसतो. मग वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचाच हसरा चेहरा काढायचा, गॉगल असला तर पुसून डोळे बसवायचे, हार चढवायचा. पुरी झालेली श्रद्धांजलीची फाईल बरोबर तीनशे चाळीस एमबी भरते. एवढी कशी नेमकी, ते कुणालाच सांगता येत नाही.

८ नोव्हेंबर

अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय. दिवसभरात एकच काम, बारशाचं. तरी सर्व्हर तीनशे चाळीसनं जास्तच वाढला. तिन्ही कॉम्प्युटर बंद केले, डिस्कची करकर चालूच. माझे कान तिखट. नुसती फिरणारी डिस्क वेगळी वाजते, लिहिणारी वेगळी. ही लिहीत होती.

श्रद्धांजलीच्या फोल्डरात नवी फाईल, झरीच्या किशनरावांची. राजेश्रीताई पोरीची शपथ घेऊन म्हणाल्या, मी केली न्हाई. आणि किशनराव तर दुपारीच दुकानात बसून, स्टँडवरच्या फोटोत सर जरा गोरे झालेत, म्हणून माझी थट्टा करून गेले.

९ नोव्हेंबर

किशनराव पहाटे गेले. पुतण्या सांगायला आला, तर भाऊंच्या तोंडून निघून गेलं, फाईल तयारच हाय.

१३ नोव्हेंबर

शेजारच्या गल्लीतल्या लिंबाजीचंही तसंच झालं. आता तासातासाला आकडा लिहितो. फाईल शून्यापासून वाढते. तीनशे चाळीस झाली की माणूस रात्र काढत नाही.

आजचं नाव, समोरच्या चहावाल्या तानुबाई. दोनशे दहा. पुसून टाकली.

१४ नोव्हेंबर

तानुबाई ठणठणीत! छातीवर जातं ठेवल्यागत झालं होतं, म्हणाल्या, काल सांजच्याला एकाएकी उतरलं बघा. आनंदानं दोन कप चहा प्यालो.

दुकानात आलो. करकर.

नवी फाईल. शून्यापासून नाही, दोनशे दहापासून. नाव 'सिद्धोधन-स्वागत'.

१५ नोव्हेंबर

उघडली. लग्नाचा फोटो, न कापलेला. हार एकच, आम्हा दोघांच्या मधोमध.

बबिताला फोन केला. छातीवर जड वाटायलंय, म्हणते. हसण्यावारी नेते. दवाखान्यात जा म्हणालो. जाऊन आली, काही निघालं नाही.

बंद करताना २७०. हार तिच्याकडं सरकलाय.

१६ नोव्हेंबर, सकाळ

३०५. पुसावी तर — पुढं कुणाकडं? वाढदिवसाच्या फोल्डरात राजेश्रीताईंची राणी आहे, पाच वर्षांची, परीचे पंख लावलेली. नाही. नाही पुसणार.

सर्व्हरची वायर उपटली. वायर माझ्या हातात, आणि करकर चालूच — आकडा तरी दिसावा म्हणून परत लावली.

दुपार

३२८. कापली. माझ्या हातानं बबिताला कापलं, पदराच्या कडेनं, ताईंनी कापलं होतं तसंच. सेव्ह केलं.

लगेच फोन. उतरलं म्हणते. श्वास मोकळा. तुला परत कापलं बघ, म्हणालो. हसली. या घरी, म्हणाली, मग सांगते —

बंद करताना

हार माझ्या गळ्यात. छातीवर — जातं. तानुबाई म्हणाल्या तसंच.

३३७. खाली अक्षरं उमटायलीत. शोकाकुल. पुढं नाव येईल. तिथं जित्या माणसाचंच नाव लावतात. तिचं येऊ दे — तेवढं तिचं —

३३९

ब — बबि —