पहिला शब्द माझाच

१८ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून उपवासकाळ, थेट ईस्टरपर्यंत. दरवर्षी साखर सोडतो. यंदा राग सोडायचा. तसा मला राग येत नाही, लोक आणतात. पण सोडायला काहीतरी हवं आणि बाकी माझ्यात सोडण्यासारखं काही सापडलं नाही.

या निर्णयाची चर्चमध्ये वाच्यता करायची नाही. कोणी विचारलं तर सांगायचं. कोणी विचारलं नाही तर उपासनेनंतर सहज विषय काढायचा.

संध्याकाळी

विषय काढला. पंच कमिटीचा सेक्रेटरी हसला. यात हसण्यासारखं काय आहे, असं त्याला विचारलं. मी फाटकात उभं राहून ओरडत होतो असं ही म्हणते. मी ओरडत नव्हतो, खुलासा मागत होतो. फाटकात गाड्यांचा आवाज असतो.

उद्यापासून नक्की.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिस. पाणीपुरवठ्याची तक्रार खिडकी म्हणजे सहनशीलतेची परीक्षाच. एक बाई बाटलीत गढूळ पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही पिऊन दाखवा. रागावलो नाही. शांतपणे त्यांना शेजारच्या खिडकीवर पाठवलं. शेजारची खिडकी गेल्या वर्षापासून बंद आहे, पण तिथे सावली आहे.

पहिला दिवस पूर्ण यशस्वी.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज जे घडलं ते लिहून ठेवलंच पाहिजे. उद्या कोणी आपल्या मंडळीचा इतिहास काढला तर सत्य एका ठिकाणी तरी असावं.

गुड फ्रायडेला क्रुसावरचे सात शब्द, म्हणजे येशूची शेवटची सात वाक्यं, असतात. सात जण वेदीपाशी उभे राहून एकेका शब्दावर बोलतात. पहिला शब्द क्षमेचा: ते काय करतायत हे त्यांना कळत नाही, त्यांना माफ कर. तो माझा. किती वर्षं, ते विचारू नका. जुने पाळक मला विचारतसुद्धा नसत, धरूनच चालत. मी क्षमेवर बोलायला उभा राहिलो की मागच्या बाकावरची माणसं सावरून बसत.

नवे पाळक (जीन्स घालतात) उपासनेनंतर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काका, यंदा जरा बदल करू, तुम्हाला पाचवा शब्द देतोय. पाचवा म्हणजे तहानेचा. का, तर तुम्ही पाणीखात्यात आहात, तुम्हाला शोभेल. आणि हसले.

मी विचारलं, क्षमा कोणाला दिली. म्हणाले, एका नव्या व्यक्तीला, सरप्राइज आहे. क्रुसावर सरप्राइज.

क्षमा माझ्याकडून काढून घेतली. हे मी कधीही माफ करणार नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

विचार करून पाहिलं. यामागे सेक्रेटरीच आहे. नव्या पाळकांना पहिल्या दिवसापासून स्कूटरवरून फिरवतोय. क्षमेवर हा माणूस काय बोलणार? सगळ्या चर्चला माहीत आहे की हा सख्ख्या मेहुण्याशी बोलत नाही. मी माझ्या मेहुण्याशी बोलत नाही ती गोष्ट वेगळी. त्यात चूक मेहुण्याची आहे.

हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, सेक्रेटरी नसतील. मी म्हणालो, तुला काय कळतं चर्चच्या राजकारणातलं. त्यावर काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

१ मार्च, रविवार

चर्चचं काय होत चाललंय. गीताचं पुस्तक कपाटात गेलं, भिंतीवर पडदा आला. आमची लेक लॅपटॉप घेऊन मागे बसते आणि ओळी पुढे सरकवते. मी तिसऱ्या कडव्यावर असतो, पडदा चौथ्यावर. घरी येऊन तिला विचारलं, मुद्दाम करतेस का. म्हणाली, बाबा, सगळं चर्च चौथ्यावर असतं.

शिवाय ड्रम. देवाला ऐकू येत नाही अशी कोणीतरी या मुलांची समजूत करून दिली आहे. उपासना आता इंटरनेटवर लाइव्हसुद्धा जाते. घरी बसून पलंगावर लोळत भक्ती. मी असल्या प्रकाराला कधी हात लावणार नाही.

शांतीच्या वेळी सगळे एकमेकांना हात देतात तेव्हा सेक्रेटरीने हात पुढे केला. मी चष्मा पुसत राहिलो. राग नव्हता, चष्मा खरंच खराब होता.

५ मार्च, गुरुवार

निषेध म्हणून चर्चचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. आधी निरोप टाकला: "जिथे ज्येष्ठांचा मान राहत नाही तिथे राहण्यात अर्थ नाही. प्रभू सर्वांचं भलं करो." आता धावपळ होईल. फोन चार्ज करून उशाशी ठेवला आहे.

७ मार्च, शनिवार

फोन नाही. लेकीला विचारलं, ग्रुपवर काय चाललंय. म्हणाली, कोणता, जुना? तो कधीच बंद पडला बाबा, सगळे नव्या ग्रुपवर आहेत. नव्या ग्रुपवर मला का घेतलं नाही? म्हणाली, घेतलंय, तुम्ही म्यूट केलाय.

नवा ग्रुप शोधला. तोही सोडणार होतो, पण रविवारच्या रक्तदान शिबिराची वेळ त्यावरच येते.

११ मार्च, बुधवार

आज हिने चक्क एक चांगला प्रश्न विचारला. पहिल्या शब्दातले "ते" म्हणजे कोण, असं तुम्ही सांगायचात? इतक्या वर्षांत हिने माझ्या भाषणाबद्दल पहिल्यांदा काही विचारलं. फार बरं वाटलं. तिला समोर बसवून सगळं समजावलं. ते म्हणजे शिपाई, ते म्हणजे जमाव, ते म्हणजे सत्तेवर बसलेली माणसं. आजच्या काळात पाहिलं तर ते म्हणजे पंच कमिटी, ड्रमवाले, आणि ज्यांना दिलेलं पाणी पुरत नाही असे नागरिक. ही लक्ष देऊन ऐकत होती. मधे गॅस बंद करायला उठली तेव्हा मी जरा जोरात बोललो, कारण मुद्दा रंगात आला होता.

शेवटी म्हणाली, म्हणजे ते नेहमी बाहेरचे. मी म्हणालो, अर्थात.

१५ मार्च, रविवार

सेक्रेटरीला गाठून तोंडावर विचारलं, पहिला शब्द तुझ्याकडे आहे ना. म्हणाला, माझ्याकडे शेवटचा आहे, आणि तोही बायको लिहून देणार आहे. खोटं बोलतोय. खोटं बोलताना तो कान खाजवतो. आज खाजवला नाही, म्हणजे तयारीने आला होता.

१८ मार्च, बुधवार

हिचं काहीतरी बिनसलंय. गॅलरीत कपडे वाळत घालताना एकटीच पुटपुटते. मी गेलो की गप्प. बहुतेक बहिणीशी फोनवर बोलते, पण हातात फोन नव्हता. मी आतल्या खोलीत क्षमेवर टिपणं काढत बसलो होतो (ऐनवेळी बोलावलं तर तयारी हवी), आणि हिने कुकर लावला. शिट्टी झाली आणि सगळा विचार तुटला. बाहेर येऊन दोन शब्द बोललो. दोन म्हणजे थोडे जास्त. कुकरचं झाकण आपटलं ते चुकून.

मग चहा मागितला. दिला. म्हणजे राग नाही. ही एक गोष्ट हिची चांगली आहे, मनात काही ठेवत नाही.

२५ मार्च, बुधवार

हत्यार काढलं. पाळकांना मेसेज केला: "प्रकृतीच्या कारणास्तव पाचवा शब्द करू शकत नाही. पर्यायी व्यवस्था अशक्य असल्याची मला जाणीव आहे, पण इलाज नाही." आता येतील धावत. तहानेवर ऐनवेळी बोलणारा माणूस आणणार कुठून? आले की बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग पहिल्या शब्दाचा विषय काढायचा.

संध्याकाळी

उत्तर आलं. अंगठा आणि जोडलेले हात. खाली लिहिलं होतं, काळजी घ्या काका, तहानेच्या वेळी मुलं गाणं म्हणतील.

ड्रमसकट असेल.

२९ मार्च, रविवार

गेलो नाही. बाकावरची माझी जागा रिकामी दिसली पाहिजे. लेकीला विचारलं, कोणी चौकशी केली का. म्हणाली, तुमच्या जागेवर रक्तदानाची खोकी ठेवली होती.

राग सोडल्याचा हा एवढा मोठा काळ मी कसा काढला, मलाच नवल वाटतं.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

दुपार

निर्णय पक्का. जाणार नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. ही म्हणाली, खरंच येणार नाही का? दोनदा विचारलं. दारात थोडी थांबलीसुद्धा. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, त्यामुळे चेहरा पाहिला नाही. लेक लॅपटॉपची पिशवी घेऊन जिन्यात उभी होती. दोघी गेल्या.

घर फार शांत आहे. फक्त सेक्रेटरी काय दिवे लावतो तेवढंच पाहावं म्हणून फोनवर लाइव्ह उपासना लावली. पलंगावरच लावली, कारण डोकं दुखतंय. पाहणारे दोन. एक मी. दुसरा कोण, ते शोधून काढलं पाहिजे.

नंतर

पाळकांनी पहिल्या शब्दासाठी नाव घेतलं आणि ही उठली.

आमची ही. वेदीपाशी जाऊन उभी राहिली. हातात कागद नव्हता. वेदीचा काठ घट्ट धरला होता. बोलायला लागली तर इतकी हळू की ऐकू येईना. मला भयंकर राग आला. एक तर माझा शब्द, त्यात घरातल्या घरात लपवाछपवी, आणि वर आवाज नाही. खाली कमेंटची जागा होती. लिहिलं: "आवाज वाढवा. काही ऐकू येत नाही."

मला काय माहीत, कमेंट चर्चच्या पडद्यावर जाते. हिच्या डोक्यावर, माझ्या नावासकट. ही मागे वळली, वाचलं, आणि लोकांना म्हणाली, घरून निरोप आलाय. चर्च हसलं. गुड फ्रायडेला आपलं चर्च कधी हसलं नव्हतं. हिने खरंच आवाज वाढवला.

म्हणाली, हा शब्द मी वर्षानुवर्षं तिसऱ्या बाकावर बसून ऐकला, आणि दरवर्षी "ते" कोण म्हणून बाहेरच शोधलं. म्हणाली, समजा घरात एक माणूस ओरडतो, झाकणं आपटतो आणि पाच मिनिटांनी चहा मागतो. तो वाईट नाही. त्याला खरंच वाटतं की काही झालंच नाही. आता अशा माणसाला माफ करायचं, तर तो माफी मागणार नाही, कारण त्याला काही कळलेलंच नाही. मग सगळं काम एकटीलाच करावं लागतं. मी ते काम भांडी घासताना करते. काही वेळा भांडी संपायच्या आत होतं. काही वेळा भांडी संपतात आणि ते होत नाही, मग मी घासलेलं पातेलं पुन्हा घासते. क्रुसावर ते एकदा बोलून झालं. घरात रोज म्हणावं लागतं. आजचं माझं अजून झालेलं नाही, तेवढंच सांगायला आले होते.

आणि जाऊन बसली. ड्रमवालासुद्धा हलला नाही.

बरी बोलली. सुरुवात ढिली होती. कोणाबद्दल होतं ते नीट कळलं नाही. बहुधा तिचा भाऊ. तो फार ओरडतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून पोटात काही नाही, त्याचं ते असणार.

घरी आल्यावर तिला तीन सुधारणा सुचवल्या. बरं म्हणाली.

४ एप्रिल, शनिवार

ठरवलं, उद्या ईस्टरला जायचं आणि सेक्रेटरीला सर्वांसमोर माफ करायचं. त्याच्याकडे पहिला शब्द नव्हता, हे खरं. पण असता तर त्याने घेतला असता.

५ एप्रिल, ईस्टर

लवकर गेलो. वाटलं होतं, माझ्याकडे बघून लोक माना फिरवतील. उलटच झालं. फाटकातच सेक्रेटरीने माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी त्याला माफ करायला तोंड उघडणार, तर तोच म्हणाला, होतं असं, आपण सगळी माणसं आहोत. ड्रमवाल्याने स्वतःची खुर्ची दिली. पाळकांनी मिठी मारली. अखेर यांना पश्चात्ताप झाला, असं मला वाटलं. फार बरं वाटलं. सगळी उपासना तशीच आनंदात गेली.

बाहेर आल्यावर लेकीच्या शाळेच्या जुन्या हेडबाई भेटल्या. त्यांना गोलगोल बोलणं जमत नाही. म्हणाल्या, तुझ्या बायकोने इतक्या धीराने सांगितलं, आम्ही कोण मनात धरणारे. आम्ही सगळ्यांनी तुला माफ केलंय.

मी म्हणालो, कशाबद्दल? हे जरा जोरात झालं. अंगण वळून पाहू लागलं. आणि कोणी घाबरलं नाही, कोणी चिडलं नाही. सगळ्यांनी मान हलवली. आजारी माणूस चादर फेकतो तेव्हा नर्स हलवते तशी. मला आणखी ओरडायचं होतं, पण ओरडून उपयोग काय? यापुढचंही आधीच माफ झालंय.

घरी येताना लेक पुढे चालत होती. मी हिला विचारलं, परवा जे बोललीस ते माझ्याबद्दल होतं का. हो म्हणाली. हळूच म्हणाली, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

जेवणं झाल्यावर मी बाह्या वर करून भांडी घासायला उभा राहिलो. ही आली, माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाली, राहू द्या, माझं अजून व्हायचंय.