केयूरच्या गाडीचं इंजिन कोणी बांधावं

मी, श्रीमती शुभा श्यामसुंदर पेंडुरकर, वय चौसष्ट, महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली एक्स-रे तंत्रज्ञ, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही. त्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. त्यातून मी उठेन की नाही हे सर्जननी स्पष्ट सांगितलेलं नाही, म्हणजे सांगितलंच आहे. मी शुद्धीत असल्याचा डॉ. अनुपमा सबनीस यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. उलट या घरात माझा दबाव कोणावर पडत नाही, हीच माझी तक्रार आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझे वारस दोन. मुलगी अबोली, लग्न होऊन बोरिवलीला असते. मुलगा केयूर, वय एकोणतीस, माझ्याजवळ राहतो, नोकरी चांगली आहे, लग्न केलेलं नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अबोलीने करावी. यात वाईटपणा घ्यावा लागेल, तो तिने घ्यावा. तिला सवय आहे.

२. राहती जागा दोघांना निम्मी निम्मी. केयूरला तिथे राहायचं असेल तर अबोलीने त्याला बाहेर काढू नये, आणि केयूरने अबोलीच्या माहेरपणाच्या खोलीत टायर ठेवू नयेत.

३. बँकेतल्या ठेवीही निम्म्या. त्यातली मुलुंडच्या शाखेतली एक ठेव मात्र इंजिनासाठी बाजूला काढली आहे. ती केयूरच्या हातात देऊ नये, कलम ७ प्रमाणे वापरावी.

४. दागिने अबोलीचे. माझ्या नणंद शकुवन्सं यांना माझी मोठी पितळी परात देते, जी तशीही गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडेच आहे. त्यांनी आणखी काही मागू नये. केयूर पोरवयात पहिल्यांदा सुसाट गाडी हाकून आला तेव्हा मी त्याच्या हातातून किल्ली काढून घेत होते आणि वन्सं टाळ्या वाजवत म्हणाल्या, "असू दे गो, बापाचो वाघ आसा!" त्यांना त्या टाळ्या आठवत नसतील. मला आठवतात.

५. आमची लाल, दोन दारांची जुनी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. आत इंजिन नाही. ती केयूरला देते. भंगारात काढायचा विचार मी केला होता, लपवत नाही. माणूस बोलावलाही होता. तेव्हा केयूर शांतपणे म्हणाला, "काढ ना. मी कुर्ल्यातून दुसरी उचलीन, दुसरं इंजिन टाकीन, आणि जो पहिला भेटेल त्याच्याकडून बांधून घेईन. चालेल तुला?" चालणार नव्हतं. भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

६. आता इंजिन. माझे दिवंगत पती श्यामसुंदर हे कारखान्यात फिटर होते आणि रविवारी शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायचे. आपल्या गाडीचं इंजिन त्यांनी जास्त ताकदीचं करायचं म्हणून उघडलं, घासूनपुसून तयार केलं, आणि जोडायच्या आधीच हार्ट अटॅकने गेले. तेव्हापासून ते सुटंच आहे. इंजिनाचा लोखंडी ब्लॉक गॅलरीत, पिस्टन शेवयांच्या डब्यात, क्रँकशाफ्ट माझ्या दिवाणाखाली चादरीत गुंडाळून. मी त्याच्यावर झोपते आणि मला झोप लागत नाही.

साध्या गाडीच्या इंजिनात थोडी चूक खपून जाते. जोरात पळवायच्या इंजिनात खपत नाही. एक बोल्ट कमी आवळला, एक फट केसाएवढी जास्त राहिली, तर भर वेगात आतला दांडा सुटतो, इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो आणि सगळं तेल स्वतःच्याच चाकांखाली सांडतं. हे मला ह्यांनीच सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता. मी आयुष्यभर अपघातातल्या पोरांची हाडं फोटोत बघितली आहेत. घोडबंदरला केयूर दुभाजकावर चढला, त्या दिवशी त्याच्या मांडीचा फोटोही मीच काढला. "हलू नको," एवढंच म्हणाले, सगळ्यांना म्हणते तसं. आता त्याच्या मांडीत सळी आहे आणि त्याला इंजिन अजून ताकदीचं हवं आहे.

त्याला थांबवणं माझ्या हातात नाही. इंजिन कोणाच्या हातात द्यायचं, एवढंच माझ्या हातात राहिलं आहे.

ह्यांचा एक नियम होता. कोणाचंही इंजिन बांधलं की पहिल्या पळवणीला स्वतः डाव्या सीटवर बसायचे. "जो बांधता, तो बाजूक बसता," म्हणायचे. बसायची तयारी नसेल तर बांधायचं नाही. मला इंजिनातलं कळत नाही, म्हणून मी हाच एक प्रश्न घेऊन निघाले. एका पिशवीत माझे रिपोर्ट आणि पिस्टनचा डबा, अशी रिक्षाने फिरले. अंधेरीला काचेची केबिन, एसी, भिंतीवरच्या पडद्यावर इंजिनाच्या ताकदीची चढत जाणारी रेघ. तिथल्या मालकाने विचारलं, "मॅडम, किती पॉवर पायजे ते बोला फक्त." म्हटलं, पहिल्या फेरीला बाजूला बसाल का? "बसणार म्हणजे काय! तुम्ही पण या, मागे बसा, पिकनिक करू." घाटकोपरचा म्हणाला, बसेन. दहिसरच्या नाक्यापलीकडचा म्हणाला, बसेन, वर देवाचा फोटोही लावीन. तुमचं बांधलेलं इंजिन कधी फुटलं का, असंही विचारलं. कोणाचंच कधीच फुटलेलं नव्हतं. मग रस्त्यावर फुटतात ती कोणाची, हे मला कळेना. सगळे इतके चटकन हो म्हणत होते की हो म्हणजे काय तेच समजेनासं झालं. हाडाला तडा असेल तर मला फोटोत दिसतो. इंजिन एकदा जोडून बंद केलं की आतलं बांधणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक नसतं. अंधेरीहून परत येताना मी रिक्षात रडले. रिक्षावाल्याला वाटलं पोट दुखतंय. तेही दुखत होतं.

७. शेवटी मुलुंड पश्चिमेला सुबोध मोंडकर यांच्याकडे गेले. तिथे सगळ्यात शेवटी गेले, कारण ह्यांचं त्यांच्याबद्दल मत असं की, "सुबोध इंजिन बांधत नाय, सत्यनारायण घालता." इतरांना महिना लागतो तिथे त्यांना सहा. डबा उघडून त्यांनी पिस्टन बघितले. क्रँकशाफ्ट दिवाणाखाली आडवा आहे म्हटल्यावर माझ्यावर चिडले. तो उभा ठेवायचा असतो म्हणे. मग त्यांनी जे विचारलं ते आधी कोणीच विचारलं नव्हतं.

"चालवणार कोण?"

"मुलगा. केयूर."

ते त्याला ओळखत होते. ट्रॅकवर बघितलं होतं आणि ट्रॅकबाहेरही.

"काकी, बांधीन मी. नीट बांधीन. प्रत्येक बोल्ट स्वतः आवळीन, दुसऱ्याचा हात लागू देणार नाही."

"आणि पहिल्या फेरीला बाजूला बसणार?"

"नाही."

"म्हणजे स्वतःच्या कामावर भरवसा नाही?"

"कामावर आहे," ते म्हणाले. हात पुसत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "दुसरा कोणी चालवत असेल तर आत्ता बसतो. केयूरच्या बाजूला नाही बसणार. माझी मुलगी पहिलीत आहे, काकी."

मला त्यांचा राग आला. इतका आला की डबा उचलून निघाले आणि कोपऱ्यापर्यंत गेले. पोर माझं आहे, त्याच्याबद्दल असं कोणी तोंडावर बोललं तर आई चिडणारच. पण कोपऱ्यावर उभी राहून मला पुरतं कळलं होतं की हा माणूस खरं बोलतो. चार उपनगरं पालथी घालून भरवशाचा माणूस सापडला, आणि त्याचा माझ्या मुलावर भरवसा नाही. मी परत गेले आणि डबा त्यांच्या टेबलावर ठेवला.

घरी येऊन केयूरला सांगितलं. वाटलं होतं, त्याला कुठेतरी लागेल. तो जेवत होता. हसला. "बरंच आहे ना आई. तेवढंच वजन कमी."

सबब मी असं ठरवते: इंजिनाचे सर्व भाग सुबोध मोंडकर यांच्या ताब्यात द्यावेत. ते त्यांनीच बांधावं, दुसऱ्या कोणीही नाही. ताकद किती ठेवायची ते सुबोध ठरवतील, केयूर नाही. वेळ लागेल तितका लागू द्यावा, आणि त्याहून जास्त लागला तरी माझी हरकत नाही. कलम ३ मधली ठेव थेट त्यांना द्यावी. ह्यांचा मोजून बोल्ट आवळायचा टॉर्क रेंचही त्यांचा. बाकी हत्यारं केयूरला. याचा कच्चा खर्डा वाचून वकील म्हणाले, "मावशी, ही अट टिकायची नाही. उद्या मुलगा इंजिन उचलून दुसरीकडे नेईल, तुम्ही काय करणार?" मी काय करणार! मी नसणारच आहे. तरी त्यांना म्हटलं, राहू दे. कागदावर तरी कोणीतरी त्याला नाही म्हटलेलं असू दे.

केयूर, तुझ्यावर माझा राग नाही. भीती आहे. रागाचं मृत्युपत्र करता येतं, ते वन्संसाठी केलं. भीती कोणाच्या नावावर करू, ते मला सुचलं नाही. अबोलीच्या नावावर करणार नाही, तिला तिची मुलं आहेत.

८. माझ्या अंत्यविधीबद्दल. शववाहिनी बोलावू नये. स्मशान लांब आहे, ऊन असेल, लोक कुरकुरतील, कुरकुरू द्यावं. मला खांद्यावरून न्यावं आणि केयूरने मडकं धरून पुढे चालावं. पुढे चालणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं, आणि मागच्यांना टाकून पुढेही जाता येत नाही. खांदेकरी जितके सावकाश येतील तितकंच सावकाश त्याला चालावं लागतं. खांदेकऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी अजिबात घाई करू नये. खांदा बदलायला वाटेल तितक्यांदा थांबावं, सिग्नललाही थांबावं. तेवढा एक रस्ता माझा मुलगा हळू जाईल, आणि मला त्याची काळजी करावी लागणार नाही.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. यातल्या कशातही त्यांचा हिस्सा नाही.

सही: शुभा श्यामसुंदर पेंडुरकर

साक्षीदार:
१. डॉ. अनुपमा सबनीस, मुलुंड पूर्व (सही)
२. श्री. देवेश तावडे, शेजारी (सही)

स्थळ: मुलुंड, मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४