तिसरा ग्रह उशिरा येतो

९ मार्च
तिसरा ग्रह पुन्हा उशिरा आला. रात्रीचा आलेख सकाळी काढला, तर ताऱ्याचा उजेड जिथे किंचित मंदावायला हवा तिथे मंदावलाच नाही – बराच पुढे जाऊन मंदावला. सरांना दाखवला. त्यांनी चहाचा कप खिडकीत ठेवला आणि परत उचललाच नाही. "कोणीतरी ओढतंय त्याला," म्हणाले. म्हणजे चौथा! दिसत नाही, पण आहे.

या तांबड्या, मरतुकड्या ताऱ्यापायी सरांनी अख्खं आयुष्य घालवलं. त्याचे ग्रह कधी कुणाला दिसणार नाहीत. ते ताऱ्याच्या तोंडावरून सरकतात तेव्हा उजेड कणभर कमी होतो, तेवढाच काय तो पुरावा. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तिकडचे रस्ते तरी इथल्यापेक्षा बरे असतील." खाली शहरात गोळीबार चालू आहे, म्हणून तोही वेधशाळेतच मुक्कामाला आहे. आम्ही तिघंच वर.

१० मार्च
वीज गेली. जनरेटरवर भागवतोय. फोन बंद.

११ मार्च
ड्रायव्हरला मारलं.

दुपारी दोन गाड्या वर आल्या. बंदूकवाले. ड्रायव्हर हात वर करून पायऱ्या उतरला आणि म्हणाला, "अहो, इथे फक्त तारे बघतात, काही नाही इथे." त्यांच्यातला चष्मेवाला म्होरक्या शांतपणे ऐकत होता. ऐकून घेतलं, आणि छातीत गोळी घातली. ड्रायव्हर पायरीवर बसला. मग आडवा झाला. मी चादर आणायला वळले तर म्होरक्या म्हणाला, "राहू दे तसाच."

टेकडी उंच आहे, सगळा रस्ता दिसतो, म्हणून त्यांना हवी होती. पण चष्मेवाला रस्त्याकडे बघतच नव्हता. सरळ घुमटाखाली आला. "काय बघता यातून?" मी म्हटलं, तारा. "कुठला?" मी सांगायला लागले. दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत कानाखाली बसली. अजून त्या कानात शिट्टी वाजतेय.

"तिला सोड," सर म्हणाले. "मी सांगतो तुला."

माझं सोडलं तर सर झाडूवाल्यालाही अहो-जाहो करतात. त्याला अरे-तुरे केलं. भीतीनं माणसाची जीभ घसरते, दुसरं काय. चष्मेवाला सरांकडे बघत राहिला. मग बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर मारला. दोन दात जमिनीवर पडले. ते मी उचलून रुमालात बांधले. का, माहीत नाही.

१२ मार्च
आम्हाला कंट्रोल रूममध्ये कोंडलंय. पेन माझ्याकडेच राहिलं, त्यांना त्याची भीती नाही.

चष्मेवाला सकाळी खुर्ची ओढून सरांसमोर बसला. "काय दिलं या ताऱ्यानं? म्हणा, सगळं फुकट गेलं. एवढं म्हणा, मी जातो."

म्हणून टाका ना, मी डोळ्यांनी विनवत होते. शब्दच तर आहेत! पण सर म्हणाले, "चुकलं असेल तर माझं चुकलं. ताऱ्याचं काही नाही त्यात."

त्यानं सरांची करंगळी उलटी मोडली. काटकी मोडावी तसा आवाज. सर किंचाळले नाहीत, किंचाळले मी. त्याचा स्वतःचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्यांना मारून मजा वाटणारी माणसं असतात म्हणे. याला मजा वाटत नव्हती. मग कशाला करतोयस, मेल्या?

त्याची माणसं बाहेर आमचे डबे फोडून खातायत. त्यातल्या एकाचा हसण्याचा आवाज ड्रायव्हरसारखा आहे. तो हसला की मी दाराकडे बघते.

करंगळी मी फुटपट्टीचा तुकडा लावून बांधली. "कोण लागतो हा तुमचा वैरी?" मी विचारलं. सर म्हणाले, "तिसऱ्याचे जुने आलेख परत बघ. सुटलो तर."

१३ मार्च
ड्रायव्हर अजून पायरीवर, खिडकीतून दिसतो. माश्या.

१४ मार्च
सुटलो. हाताला अजून रक्ताचा वास येतोय, दोनदा साबण लावला तरी.

सकाळी घाटातून ट्रकांची घरघर ऐकू आली. सैन्य! चष्मेवाल्याची माणसं पटापट गाड्यांत बसली. त्याला हाका मारल्या. तो गेला नाही. त्यानं आम्हाला घुमटाखाली नेलं आणि सरांना दुर्बिणीसमोर उभं केलं. "बघा आता," म्हणाला, आणि दुर्बिणीच्या आरशावर गोळ्या झाडल्या. तो आरसा मी स्वतः पुसायचे, श्वास रोखून, धूळ बसू नये म्हणून. त्याच्या चिरफळ्या उडाल्या, एक माझ्या गालात घुसली. सर गुडघ्यांवर बसले. बाहेर गाड्या सुटल्या. त्यानं बंदूक सरांच्या कपाळाला लावली.

वीज गेली की घुमट हातानं फिरवायचा एक लोखंडी दांडा असतो. तो भिंतीला होता. मी चष्मेवाल्याच्या पाठीमागे होते. माझ्या हातात दांडा कधी आला, आठवत नाही.

"मारू नकोस!" सर ओरडले.

मी मारलं. पहिल्या फटक्यात चष्मा उडाला. तो वळला – तेव्हा दुसरा. खाली पडल्यावर तिसरा. त्यानंतर किती, ते मोजायला कोणी नव्हतं. मी ड्रायव्हरचं नाव घेऊन मारत होते म्हणे. सैनिकांनी सांगितलं. त्यांनी दांडा माझ्या हातातून सोडवला, बोटं एकेक करून उघडावी लागली.

एक सैनिक म्हणाला, "ताई, वाघीण आहात." मला ओकारी झाली.

१५ मार्च
ड्रायव्हरचे अंत्यसंस्कार. त्याच्या बायकोनं विचारलं, त्रास झाला का. नाही, लगेच गेला, म्हटलं. हे तरी खरं होतं.

मग दवाखान्यात सरांकडे. भिंतीकडे तोंड करून पडलेत. मी हाक मारली, हलले नाहीत. नर्स म्हणाली, धक्का बसलाय, वेळ द्या. देते. पण मनातून राग येतो. जीव वाचवला या माणसाचा, आणि माझ्याकडे बघायला तयार नाहीत!

१७ मार्च
फोन सुरू झाल्यावर पाठवलेले आमचे आलेख समुद्रापलीकडच्या वेधशाळेनं तपासले. चौथा ग्रह आहे. नक्की आहे! मोठा आहे, लांबून फिरतो, आणि तिसऱ्याला दर फेरीला ओढतो. मी खाटेशेजारी उभी राहून सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं, आता तरी वळतील.

"छापा," सर भिंतीला म्हणाले. "माझं नाव नको."

"का, सर?"

"नको म्हटलं ना."

१९ मार्च
काकूंकडे गेले, म्हणजे सरांच्या बायकोकडे. घरात बायका जमल्या होत्या, मला वाटलं सरांच्या चौकशीला. चार वर्षं ऐकत आलेय, 'मुलगा बाहेरगावी असतो.' त्याचा फोटो आज पहिल्यांदा पाहिला, हार घातलेला. चष्म्यासकट.

सरांनी त्यांना सांगितलंय, सैनिकांनी मारलं.

काकूंनी माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "तू होतीस ना गं तिथे? शेवटच्या क्षणी त्याच्याजवळ कोणी होतं का?"

"होते, काकू," म्हटलं. "मी होते."