कुंपणापलीकडचा चौथा फोन

इलोइलो, बुधवार

आदरणीय कुंपारे आन्सेल्मो यांस,

तुमचा गुडघा ताळ्यावर असावा आणि वहिनींची साखर त्यांचं ऐकत असावी. इकडे सर्व ठीक, असं खोटं लिहीत नाही. मी हादरलो आहे. चाळीस वर्षं गोदीकामगारांच्या सभा गाजवल्या, लाठ्या खाल्ल्या. पण असा हादरलो नव्हतो. फोन सोडून पत्र का, ते वाचाल तेव्हा तुम्हीही बसायला खुर्ची शोधाल.

तुमची धर्मकन्या, आमची लेक डिव्हिना, जिच्या बाप्तिस्म्यानं आपण एकमेकांचे कुंपारे झालो, तिच्या बाळाचा बाप्तिस्मा रविवारी दहाला हाँगकाँगमध्ये आहे आणि आम्हाला तो कॅमेऱ्यातून पाहायचा आहे. त्यासाठी फोनच्या लाइनवर ब्रॉडबँड घेतलं. कंपनीचा माणूस मी दारातूनच परत पाठवला (जी जनता स्वतःच्या तारा स्वतः जोडत नाही ती स्वतंत्र कसली, हे त्याला पंधरा मिनिटं समजावलं, तो घड्याळ बघत होता). काम सोपं. प्रत्येक फोन आणि भिंतीतलं सॉकेट यांच्यामध्ये फिल्टर नावाची काडेपेटीएवढी डबी लावायची. एक फोन जरी डबीशिवाय राहिला, तर तो उचलताच इंटरनेट कोसळतं. घरात फोन तीन, डब्या तीन. लावल्या. नेनितानं, माझ्या बायकोनं, टाळ्यासुद्धा वाजवल्या.

काल चाचणी घेतली. बाळाचं कपाळ आलं, एक डोळा आला. तेवढ्यात डिव्हिनानं 'दिसतंय का?' विचारायला फोन केला, आणि सगळं गोठलं. पुन्हा जोडलं, पुन्हा फोन, पुन्हा तेच. रविवारी तर सगळा गोतावळा अभिनंदनाचे फोन करणार! शेवटी मी फोनची तार हातात धरून, ती कुठे जाते ते बघत निघालो. तार स्वयंपाकघरातून बाहेर, पेरूच्या फांदीवरून, कुंपण ओलांडून थेट मानांग पुरिंगच्या, म्हणजे नेनिताच्या थोरल्या बहिणीच्या, खिडकीत! आत मानांग आरामखुर्चीत, रिसीव्हर कानाला, बोलायची बाजू तळव्यानं घट्ट झाकलेली (नेनिता तेव्हा शिंपिणीशी बोलत होती).

"मानांग, हे काय?"

"फोन. लाइन मिळायला सात वर्षं लागायची, तेव्हा तुझ्याच बायकोनं तार दिली. हळू बोल, ब्लाउजचं चाललंय."

नऊ वर्षं ऐकताहेत, कुंपारे! माणसाच्या खासगी आयुष्याच्या हक्कावरचं माझं भाषण, ज्याची तालीम मी फोनवर तुमच्यापुढे केली, तेही त्यांनी ऐकलं (दोन सनावळ्या चुकल्याचं दाखवलं. चुकल्याच होत्या). आणि त्यांच्या पान्सितच्या शेवयांना याच फोनवर कुणीतरी जहाजाचे दोर म्हटलं होतं, तेही. मी चौथी डबी पुढे केली. त्या म्हणाल्या, "आधी माफी, मग डबी." मी आजवर एकाही मालकापुढे वाकलेलो नाही. पण ते एका डोळ्याचं बाळ डोळ्यांपुढून हलत नाही.

तुमचा,
क्रेसेन्सियो

ता. क. – दोरांची उपमा तुमची होती, असं शनिवारी येऊन सांगाल का? तुमचं काय जातंय, तुम्ही समुद्रापलीकडे राहता. (उपमा माझीच, आणि चांगली होती.)

पुन्हा ता. क. – टपालाला आठवडा लागेल. मानांग उद्याच्या बोटीनं तुमच्या बाकोलोदलाच येताहेत, म्हणून पत्र त्यांच्याच हाती देतो. काळजी नको, पाकीट भातानं दोनदा चिकटवलंय.

ता. क., पुरिंगकडून – भात कच्चा होता. उपमा कुणाची ते मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही नुसते हसत होता, तेही ऐकलंय. डबी मी निघतानाच लावली. बाळ माझंही नातवंड आहे. रविवारी बाप्तिस्मा झाला की तुम्ही आणि क्रेसेन्सियो, दोघांनी माझ्याकडे जेवायला यायचं. पान्सित आहे, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं.